डॉक्टर म्हणाले, मांजर काढा

"घरात दम्याचा पेशंट आहे. मांजर द्यावंच लागेल का?" हा प्रश्न माणसांच्या डॉक्टरांना, प्राण्यांच्या डॉक्टरांना आणि शेजारच्या जाणत्या काकूंना सारख्याच घाईने विचारला जातो. कधी दम्याच्या जागी गरोदरपण असतं, कधी केमोथेरपी, कधी आजीचं खुब्याचं ऑपरेशन. उत्तर मात्र बहुतेक वेळा एकच मिळतं: देऊन टाका, कशाला विषाची परीक्षा?

हे उत्तर काही वेळा बरोबर असतं. अडचण अशी, की ते फार लवकर दिलं जातं. घरात कुणी आजारी पडलं की मांजरावर संशय घेणं सर्वांत सोपं. गादी बदलायला पैसे लागतात, भिंतीची ओल काढायला गवंडी लागतो, बाबांची सिगारेट सोडवायला आयुष्य जातं. मांजर मात्र एका पिशवीत मावतं. म्हणून या प्रकरणात आपण क्रम उलटा करू. आधी त्रास नेमका कशाचा ते पाहू, मग तो कमी कसा करता येतो ते, आणि मांजर देण्याचा विषय त्यानंतर.

१. केसाचा दोष किती?

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हा आपल्याकडचा जुना समज. पोटात गेलेला केस पचत नाही, तो शौचावाटे बाहेर पडतो. दमा हा श्वासनळ्यांचा आजार आहे, आणि पोटातून तिकडे रस्ता नाही. तरी या समजामागचं निरीक्षण खोटं नव्हतं. मांजर जवळ आलं की काही माणसांना खरोखरच शिंका येतात, डोळे चुरचुरतात, छातीतून सूं-सूं आवाज येतो.

त्याला मुख्यतः जबाबदार असतं 'फेल डी १' नावाचं प्रथिन. ते मांजराच्या थुंकीत आणि त्वचेतल्या तेलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसातले कितीतरी तास स्वतःला चाटत बसतं. थुंकी केसांवर वाळते, तिचे आणि त्वचेच्या कोंड्याचे बारीक कण हवेत उडतात. केस हे प्रथिन फक्त वाहून नेतो. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शरीराला हे निरुपद्रवी प्रथिन शत्रू वाटतं, आणि नाकापासून फुप्फुसापर्यंत लढाई सुरू होते.

एवढं कळलं की बाजारातल्या काही गोष्टी आपोआप निकालात निघतात. बिनकेसांचं स्फिंक्स जातीचं मांजर आणलं तरी थुंकी आणि त्वचा त्यालाही असते. पर्शियन मांजराचे केस भादरले तरी प्रथिन बनायचं थांबत नाही. 'अ‍ॅलर्जी न देणारी जात' म्हणून चढ्या भावाने विकलं जाणारं मांजर या प्रथिनापासून पूर्ण मुक्त असेल, अशी हमी कुणालाच देता येत नाही. मांजरामांजरांत प्रमाणाचा फरक मात्र असतो. नसबंदी न केलेला बोका हे प्रथिन जास्त बनवतो, नसबंदीनंतर ते कमी होतं.

दुसरी गोष्ट कणांच्या आकाराची. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे, म्हणजे डस्ट माइट्सचे, अ‍ॅलर्जी देणारे कण तुलनेने मोठे असतात. गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात. मांजराच्या प्रथिनाचा बराच भाग पाच मायक्रॉनपेक्षाही लहान कणांवर असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. हे कण तासन्‌तास तरंगतात, श्वासाबरोबर खोल जातात आणि कपड्यांना चिकटून शाळेत, ऑफिसात, जिथे मांजराने कधी पाऊल टाकलं नाही अशा घरांतही पोचतात.

२. हिंगाची डबी

हिंग संपला, डबी घासली, उन्हात वाळवली, तरी महिनाभराने झाकण उघडा. वास असतोच. मांजर गेलेल्या घराचं तसंच होतं. सोफा, गादी, पडदे, कपाटातल्या गोधड्या यांत बसलेलं प्रथिन मांजराच्या मागोमाग निघून जात नाही.

किती काळ राहतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८९ मध्ये याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मांजर बाहेर काढल्यावर ते घराघरातली धूळ तपासत राहिले. मांजर नसलेल्या घराइतकी पातळी खाली यायला बऱ्याच घरांत २० ते २४ आठवडे लागले, म्हणजे पाच-सहा महिने. काही ठिकाणी त्याहून जास्त. ज्यांनी गालिचे आणि गुबगुबीत फर्निचर काढून टाकलं, तिथे पातळी लवकर उतरली.

आता "आठ दिवस मांजर मावशीकडे ठेवून पाहू, फरक पडतो का" या घरोघरच्या प्रयोगाकडे बघा. आठ दिवसांत घरातलं प्रथिन जवळपास होतं तेवढंच असतं. फरक पडला नाही तर मांजर निर्दोष ठरत नाही, आणि पडला तर तो हवापालटाचा, औषधाचा किंवा मनाचाही असू शकतो. या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, पण त्यावर निकाल दिले जातात.

३. चिपळूणला बरा, ठाण्याला आजारी

उलटा प्रयोगही लोक करतात. समजा, ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहणारं एक कुटुंब आहे. आठ वर्षांच्या मुलाला दमा, घरात दीड वर्षाची मांजरी. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा चिपळूणला आजोळी जातो आणि आठवडाभर आराम देणारा इनहेलर एकदाही घ्यावा लागत नाही. घरी परतला की दुसऱ्याच रात्री घरघर. "बघा, मांजरच!"

पण आजोळी नुसतं मांजर नव्हतं असं नाही. घरची कापसाची जुनी गादी नव्हती, बाथरूमला लागून असलेली ओली भिंत नव्हती, समोरच्या बांधकामाची धूळ नव्हती, उदबत्ती नव्हती, झुरळं कमी होती आणि शाळेतून येणारी सर्दीही नव्हती. मांजर हे या यादीतलं एक नाव. प्रयोगाने एवढंच सांगितलं की ठाण्याच्या घरात किंवा आसपास काहीतरी सोसत नाही.

त्यातलं नेमकं काय, हे कळायला अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी करतात. हातावर निरनिराळ्या पदार्थांच्या द्रावणांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात. साध्या द्रावणाच्या थेंबापेक्षा तीन मिलीमीटर किंवा अधिक मोठी गांधी आली की चाचणी पॉझिटिव्ह. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटं सांगते. किती दिवस ते डॉक्टर सांगतात. काही जणांत हेच रक्तातून तपासतात.

समजा आपल्या मुलाच्या हातावर डस्ट माइटची गांधी आठ मिलीमीटर, झुरळाची पाच आणि मांजराची तीन आली. शिवाय मांजरीला कुरवाळल्यावर त्याला लगेच काही होत नाही, त्रास होतो तो पहाटे, गादीवर. अशा घरात मांजर दिलं आणि गादी तीच ठेवली तर मुलगा दमेकरीच राहील आणि वर मांजरीसाठी रडेल. पण आकडे उलटे असते, म्हणजे मांजराची गांधी नऊ, कुरवाळल्यावर दहा मिनिटांत डोळे सुजतात, मांजर असलेल्या मित्राच्या घरीही तेच होतं आणि वर्षात दोनदा हॉस्पिटलात दाखल करावं लागलंय, तर माझं मत स्पष्ट आहे: मांजरीसाठी दुसरं घर शोधावं. दम्याचा तीव्र झटका जिवावर बेतू शकतो. तिथे 'औषधं वाढवून भागवू' हा हट्ट बरा नव्हे.

नुसती चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून मात्र निकाल लागत नाही. शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच ती सांगते. रोजची लक्षणं त्याच्याशी जुळली तर अर्थ.

जाता जाता कबुतरांबद्दल. कबुतरांच्या पिसांतल्या आणि विष्ठेतल्या प्रथिनांनी फुप्फुसाला सूज येण्याचा एक गंभीर आजार आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत जे रान उठलं त्याच्या मुळाशी हीच चिंता होती. एसीच्या खोक्यावर कबुतरांचं बाळंतपण सुरू आहे आणि खोकल्याचं खापर सोफ्यावरच्या मांजरावर फुटतंय, अशी घरं शहरांत काही कमी नसतील.

४. मांजर ठेवून काय करता येतं

अ‍ॅलर्जी आहे पण सौम्य आहे, अशा घरांसाठी हे. पेशंटच्या झोपण्याच्या खोलीत मांजराला कायमची बंदी हा पहिला नियम, कारण दिवसातले सात-आठ तास आपण तिथे सलग श्वास घेतो. वन रूम किचनमध्ये हा सल्ला हास्यास्पद वाटेल आणि तो वाटायलाच हवा. तिथे निदान पेशंटचं अंथरूण दिवसभर कपाटात बंद ठेवता येतं.

आपल्या फरशीच्या घरांना एक फायदा आहे, गालिचा नसतो. कोरड्या झाडूने कण उडतात, ओल्या फडक्याने पुसलं की उचलले जातात. मांजराचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. ब्रश करण्याचं काम अ‍ॅलर्जी नसलेल्याने, तेही गॅलरीत करावं. हेपा फिल्टरचं यंत्र हवेतले कण कमी करतं, सोफ्यात बसलेले नाही. मांजराला आंघोळ घातली तर प्रथिन घटतं, पण काही दिवसांत पुन्हा पूर्ववत, आणि दर आठवड्याला मांजराला आंघोळ घालणाऱ्या माणसाच्या हातांची अवस्था मी वर्णन करत नाही. यातला एकेक उपाय सुटा केला तर फारसा उपयोग होत नाही. सगळे मिळून केले तर फरक जाणवू शकतो.

औषधांत नाकाचा स्टेरॉइड स्प्रे आणि दम्याचा रोजचा इनहेलर हे नियमित घेण्याचे असतात, झटका आल्यावर आठवण्याचे नव्हेत. इम्युनोथेरपी म्हणजे त्याच प्रथिनाचे वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं. ती तीन ते पाच वर्षं चालते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची असते.

५. दिवस गेलेत, आता मांजराचं काय?

दम्याच्या बाबतीत काही वेळा मांजर द्यावं लागतं. गरोदरपणात जवळजवळ कधीच नाही, तरी सर्वांत जास्त घाई इथेच होते.

भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. १९०८ मध्ये ट्युनिसमधल्या एका उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला, पण त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात हे समजायला १९७० च्या आसपासचा काळ उजाडला. गरोदर बाईला या परजीवीचा संसर्ग आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्याच काळात झाला, तर गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. भीती खरी आहे. प्रश्न तिची वाट कोणती हा आहे.

आता पायरीपायरीने पाहू. मांजराला हा संसर्ग होण्यासाठी त्याने आधी बाधित उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खावं लागतं. फ्लॅटमध्ये राहून कॅटफूड आणि शिजवलेली मासळी खाणाऱ्या मांजराला ती संधी फारशी मिळत नाही. संसर्ग झालाच तर मांजर साधारण एक ते तीन आठवडे अंडी टाकतं, आणि हे बहुतेक वेळा आयुष्यात एकदाच घडतं. बाहेर पडलेलं अंडं लगेच संसर्ग देत नाही, त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे विष्ठेचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर साखळी तिथेच तुटते. ते काम नवऱ्याने करावं. ते शक्य नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुवून. मांजराला कुरवाळल्याने हा आजार होत नाही म्हटलं तरी चालेल.

मांजराबाहेरच्या वाटा जास्त रुंद आहेत: अर्धवट शिजलेलं मटण, नीट न धुतलेली कोथिंबीर आणि काकडी, कुंडीतली माती, अशुद्ध पाणी. अंडी ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. मांजर घालवून कोशिंबिरीची काकडी नळाखाली नुसती ओली करून खाणाऱ्या घराने धोका कमी केलेला नसतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसीही गरोदर बायकांना मांजर द्यायला सांगत नाही. ती ट्रे, माती आणि मांस यांची काळजी घ्यायला सांगते. शिवाय या काळात नवं मांजर आणू नका, रस्त्यावरची पिल्लं हाताळू नका असं सुचवते.

आपल्याकडे यात 'टॉर्च टेस्ट'ची, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासणीची, भर पडते. रिपोर्टवर टॉक्सोप्लाझ्माचं आयजीजी प्रतिपिंड पॉझिटिव्ह दिसलं की घरात घबराट. गरोदरपणाच्या आधीपासूनचं आयजीजी म्हणजे संसर्ग कधीतरी होऊन गेला आणि आता शरीरात संरक्षण आहे. खरं तर ही दिलाशाची बातमी. ताज्या संसर्गाची खूण मानलं जाणारं आयजीएम प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं तरी ते कित्येक महिने तसंच राहू शकतं, म्हणून संसर्ग नवा की जुना हे ठरवायला पुढची तपासणी लागते. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण म्हणून जुन्या आयजीजीकडे बोट दाखवणं तर शास्त्राला धरून नाही.

६. जिथे खरोखर जपावं लागतं

केमोथेरपी, अवयवरोपणानंतरची औषधं किंवा एचआयव्ही यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांसाठी मांजराचा ओरखडा किरकोळ राहत नाही. बार्टोनेला हा जिवाणू मांजरांमध्ये पिसवांमार्फत पसरतो आणि ओरखड्यातून माणसात येतो. वर्षाच्या आतल्या पिल्लांकडून धोका जास्त. इथेही उपाय बहुधा नियमांचा असतो: घरात नवं पिल्लू नको, पिसवांचं औषध वेळच्या वेळी, नखं कापलेली, दंगामस्ती बंद, ट्रेला हात लावायचा नाही, मांजराला कच्चं मांस नाही. या रुग्णांत टॉक्सोप्लाझ्मा उफाळतो तोही बहुतेक वेळा त्यांच्याच शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला असतो. आजचं मांजर काढून तो जात नाही.

घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. लोंबणारी नळी हे मांजराला आवडतं खेळणं. तिला दात लागला तर मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला जिवाणू थेट पोटात जाऊन सूज आणतो, अशी उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. डायलिसिसच्या वेळी खोलीचं दार बंद म्हणजे बंदच. हे पाळणं शक्य नसेल तर मांजर दुसरीकडे गेलेलं बरं.

चावा मात्र कुणालाही, कुठल्याही मांजराचा असो: वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराचे दात सुईसारखे खोल जातात, आणि रेबीज मांजरालाही होतो.

वृद्धांच्या पडण्याचा विचार करताना अमेरिकेतला, सर्व वयांच्या माणसांचा, एक आकडा आहे. २००१ ते २००६ या काळात कुत्र्यामांजरांमुळे पडून इजा होण्याच्या घटना वर्षाला सरासरी ८६ हजारांवर होत्या, त्यांतल्या बहुतेक कुत्र्यांमुळे. मांजराचा वाटा लहान, पण पहाटेच्या अंधारात पायात घुटमळणारं मांजर आणि ठिसूळ हाडं ही जोडी वाईट. पॅसेजमधला रात्रीचा दिवा आणि मांजराच्या गळ्यात घुंगरू यांनी बरंच काम होतं.

आणि आजारी जर मांजर सांभाळणारीच असेल? गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काही आठवड्यांची सोय लागते, कायमची नाही. तात्पुरतं सांभाळणारे, ज्यांना प्राणिप्रेमी मंडळी 'फॉस्टर' म्हणतात, ते यासाठीच असतात. पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशात मात्र मांजर कधी उपाशी राहिलं हे घरातल्यांना कळतही नाही, तेव्हा कायमची सोय करणंच योग्य.

७. देणं आणि सोडणं

मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा मासळी बाजारात सोडायची रीत आपल्याकडे जुनी आहे. "तिथे पोट भरेल" हे समाधान माणसाचं असतं. बाजारात आधीची मांजरं आपापली हद्द राखून असतात, कुत्री असतात, गाड्या असतात. घरात वाढलेलं मांजर तिथे अन्नापर्यंत पोचतच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एका वडापावच्या गाडीवर याहून मोठा व्यवहार होतो.

देणं म्हणजे घर निवडणं. नसबंदी, ट्रायकॅट आणि रेबीजची लस आधी करून घ्या, पुस्तिका सोबत द्या. देण्याचं कारण लपवू नका. 'मुलाला दमा आहे' हे ऐकून कुणी मांजराला वाईट म्हणत नाही. मांजराचे अवगुणही सांगा. सोफा ओरबाडतं, लहान मुलांना घाबरतं, हे आधी कळलं तर ते परत येत नाही.

नव्या घराला विचारायच्या गोष्टी माझ्या मते तीन. खिडक्यांना मजबूत जाळी आहे का? उघड्या स्लायडिंग खिडकीतून मांजरं पडतात, आणि डासांची जाळी त्यांचं वजन पेलत नाही. दुसरं, घरात मांसाहार चालतो का, निदान कॅटफूड तरी? दूध-पोळीवर मांजर जगवू म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण टॉरिन हा घटक मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळतो. तो कमी पडला की दृष्टी जाते आणि हृदय कमकुवत होतं, हे हृदयाचं नातं १९८७ मध्ये सिद्ध झालं. तिसरं, मांजर आजारी पडलं तर काय कराल? उत्तरात पॅरासिटामॉल आलं तर थांबा आणि समजावून सांगा: माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते.

बरोबर वाढलेली दोन मांजरं शक्यतो एकत्र द्या. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, म्हणून जायच्या आठवडाभर आधी कॅरियर घरात उघडा ठेवा, त्यात त्याचं न धुतलेलं फडकं घाला आणि तेच फडकं पुढे पाठवा. नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली, तोच ट्रे, तेच खाणं. ते पलंगाखाली दडून बसेल, ओढून काढू नये. पण पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठावा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते झपाट्याने खालावतं, लठ्ठ मांजर तर जास्तच. दारं-खिडक्या निदान दोन-तीन आठवडे बंद. नाहीतर ते जुन्या घराच्या दिशेने निघतं.

८. पुढचे सहा महिने

मांजर गेल्यानंतर हिंगाच्या डबीचा हिशोब सुरू होतो. पडदे, गोधड्या, उशांचे अभ्रे धुवून घ्या, भिंती ओल्या फडक्याने पुसा, कापडी सोफा शक्य असेल तर काढा, गादीला झिपचं आवरण घाला. इनहेलर मात्र चालू ठेवा. "मांजर गेलं, आता औषध कशाला" असं म्हणून पहिल्याच महिन्यात औषध थांबवणारे पेशंट दुसऱ्या महिन्यात इमर्जन्सीत दिसतात. डोस कमी करायचा की नाही हे सहा महिन्यांनी, फुप्फुसाची तपासणी करून डॉक्टरांनी ठरवायचं.

मुलाला मांजरीला भेटायला न्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि आराम देणारा इनहेलर खिशात ठेवा. घरातलं दुसरं कुणी भेटून आलं, तरी त्या कपड्यांनी पलंगावर बसायचं नाही. कपडे थेट मशीनमध्ये, आणि आंघोळ.